बधिर पायाचा गुरू : डॉ. पॉल ब्रँड
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर लागण, बेणे, खोडवा, पाणी आणि हुमणी यांखेरीज दुसरे काही आपणास सहसा वाचावयास मिळत नाही. या अंकी मात्र पायाविषयी लिहीत आहे. गावोगावच्या बैठकीत चहा आला की "मला बिनसाखरेचा" म्हणणारे सभासद आता थोडेथोडके राहिले नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पुष्कळांच्या पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात आणि पाय बधिर पडतो. असा पाय घेऊन माणूस रात्री दारे धरायला सरीत उतरतो. तोडलेल्या उसाचा बुडखा किती टोकदार असतो हे आपणास सांगायला नको. तो लागतो, रक्त येते, पण कळत काहीच नाही. चार दिवसांनी चप्पल ओली लागते तेव्हा मंडळी पाय उलटून पाहतात. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि कित्येकदा बोट किंवा पायच काढण्याची पाळी. साखर पिकवणाऱ्याचा पाय साखरेने जावा ही गोष्ट मला तरी फार लागते.

बधिर पाय वाचवता येतो, हे ज्यांनी दाखवून दिले त्यांच्यात डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव पुढे आहे. ते मूळचे हाताचे शल्यविशारद, पण आज पायाचे वैद्यक शिकणारे जगभरचे डॉक्टर त्यांना गुरुस्थानी मानतात. ही विद्या त्यांना सापडली ती आपल्याच देशात, कुष्ठरोग्यांच्या सेवेत.

ब्रँड यांचा जन्म १९१४ सालचा, तामिळनाडूतील कोल्ली मलै या डोंगरातला. आईवडील इंग्रज मिशनरी. डोंगरउतारावर भाताची खाचरे, तीत बेडूक धरायला गावची पोरे उतरत आणि त्यांच्या पायांनी ताली फुटत. पाटाची राखण करणाऱ्या एका म्हाताऱ्याने एकदा या पोरांना थांबवले आणि ओंजळीत चिखल घेऊन समजावले की ही माती खाली वाहून गेली तर परत वर येत नाही, तुमच्या पोटाचे भात हिच्यात आहे. ब्रँड यांनी ही आठवण म्हातारपणी लिहून ठेवली. मातीची धूप हा आमच्या खात्याचा विषय, म्हणून येथे सांगितल्यावाचून राहवले नाही.

नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी विलायतेस धाडले. तेथे ते आधी डॉक्टर झाले नाहीत, काही वर्षे गवंडीकाम आणि सुतारकाम शिकले. पुढे लंडनला शल्यचिकित्सा शिकून १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. दुसऱ्या वर्षी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चेंगलपट्टूची कुष्ठरोग वसाहत दाखवली. तेथे पक्ष्याच्या नखांसारखी बोटे वळलेला एक रोगी होता. ब्रँड यांनी आपला हात त्याच्या हातात दिला व दाबायला सांगितले. त्याने असा दाबला की हे कळवळले. हात वाकडा, पण ताकद शाबूत! म्हणजे काही स्नायू चांगले आहेत, काहींची नस गेली आहे. मग चांगल्या स्नायूंचे कंडरे वळवून बोटे का सरळ करू नयेत? या विचारातून पुढे हाताच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि भीक मागणारे हात कामाला लागले.

पण खरा घोळ त्यापुढचा होता. बरे केलेल्या हातापायांनाही पुन्हा जखमा होऊ लागल्या. त्या काळी लोकांची, आणि बहुतेक डॉक्टरांचीही, समजूत अशी की महारोगात मांस आपोआप सडते व बोटे झडतात. ब्रँड यांना हे पटेना. प्रत्येक जखम कशाने झाली याचा शोध ते पोलिसपाटलासारखा घेऊ लागले. एकदा गोदामाचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. तेथे असलेल्या एका रोगी पोराने किल्ली घेतली आणि गर्रकन फिरवली. ब्रँड यांना वाटले, पोरगा भलताच जोरदार. पाहतात तो जमिनीवर रक्ताचे थेंब. किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि पोराला पत्ताच नव्हता. काहींची बोटे तर रात्रीतून कमी होत. पहारा ठेवल्यावर दिसले की झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि माणूस जागा होत नाही. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याचा प्रघात पडला. हसू नका, त्या मांजरांनी कित्येकांची बोटे राखली.

यावरून ब्रँड यांनी काढलेला निष्कर्ष असा : रोगजंतू नसा मारतो, वेदना बंद होते, आणि पुढचा सगळा नाश वेदना नसल्यामुळे होतो. मांस चांगलेच असते. त्याला जपले तर जखम तुमच्याआमच्यासारखीच भरून येते. हीच गोष्ट मधुमेहाच्या बधिर पायाला लागू पडते, एवढेच की मधुमेहात रक्तपुरवठाही कमी झालेला असू शकतो, म्हणून तेथे हयगय आणखी महागात पडते.

आता पायाला इजा होते कशी, हे जरा विस्ताराने सांगतो. ब्रँड यांची खरी शिकवण यातच आहे. काच, खिळा, बुडखा यांची इजा सर्वांना कळते. घट्ट बुटाची इजा वेगळी. दाब थोडा, पण तासन्‌तास एकाच जागी, त्यामुळे तेथले रक्त थांबते आणि कातडी मरते. तुमचाआमचा बूट चावला की आपण तो भिरकावून देतो. बधिर पायवाला दिवसभर घालून फिरतो, उलट सैल बूट पायात आहे की नाही हे कळत नाही म्हणून मुद्दाम घट्ट घेतो.

तिसरी इजा सर्वांत फसवी. ती नुसत्या चालण्याने होते. बैलाचा खांदा कसा येतो ते आठवा. जू काही सुरीसारखे कापत नाही. पहिल्या दिवशी काही दिसतही नाही. पण त्याच जागी तेच ओझे हजार वेळा घासले की खांदा गरम होतो, सुजतो, आणि तरीही जुंपत राहिले तर फुटतो. बैल बिचारा मान टाकतो, जू झटकतो, आपण समजतो व त्याला सोडतो. पायाचेही तसेच. चालून तळवा दुखू लागला की आपण नकळत पाऊल जरा वेगळे टाकतो, भार टाचेवरून कडेवर घेतो, थोडे लंगडतो. हे लंगडणेच पायाला वाचवते. बधिर पाय लंगडत नाही. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच एका जागेवर भार टाकीत राहतो आणि आतले मांस फुटते. वरून फक्त कुरूप किंवा घट्टा दिसतो.

उपायही यातूनच निघाला. लोखंडी धावेची गाडी ओल्या रानात रुतते आणि टायरगाडी तेवढाच ऊस घेऊन निघून जाते. वजन तेच, पण टेकणारी जागा मोठी. तळव्याच्या जखमेवर ब्रँड व त्यांचे सहकारी पायाला अगदी बेतून प्लास्टर घालीत. त्याने भार साऱ्या पावलावर वाटला जाई, जखमेला विश्रांती मिळे, आणि मलमाने महिनोन्‌महिने न भरलेल्या जखमा भरून येत. असे प्लास्टर त्यांच्या आधीही काहींनी वापरले होते, पण त्यामागचे शास्त्र उलगडून ते अमेरिकेपर्यंत नेले ब्रँड यांनी. जखम भरल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला वेल्लोरला तयार झाल्या. सुतारकाम शिकलेला हा डॉक्टर चपलेच्या तळाकडे आणि अवजाराच्या मुठीकडे शस्त्रक्रियेइतकेच लक्ष देई.

१९६६ साली ते अमेरिकेतील लुईझियाना राज्यात कारव्हिलच्या सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, हे रुग्णालय १८९४ साली उसाच्या एका ओसाड मळ्यावर सुरू झाले होते आणि लुईझियाना आजही उसाचा मुलूख आहे. तेथे मधुमेही रोग्यांचे पाय त्यांनी पाहिले आणि ओळखले की ही तर वेल्लोरचीच जखम! तोवर मधुमेही पायाची जखम म्हणजे रक्त पोचत नाही, काढा पाय, असा खाक्या होता. कारव्हिलला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पुष्कळ जखमा दाबाच्या आहेत आणि त्या टाळता येतात. आज डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात व "कळते का?" म्हणून विचारतात. तो १० ग्रॅम दाबाचा असतो. बधिरपणाची ही खूण पक्की करण्याचे काम कारव्हिललाच झाले. तपासणीला पाच मिनिटे लागतात, सुई लागत नाही. मधुमेही सभासदांनी वर्षातून एकदा तरी ती मागून करून घ्यावी.

शिक्षक म्हणून हा माणूस कसा होता, याच्या दोन गोष्टी सांगतो. वेल्लोरला एक शिकाऊ डॉक्टर रोग्याला तपासत होता. मान किंचित कलती, भुवई उचललेली, चेहऱ्यावर मायेचे हसू. ब्रँड चकित झाले, कारण तो चेहरा हुबेहूब लंडनच्या त्यांच्या गुरूचा, प्रा. पिल्चर यांचा होता. त्यांनी विचारले, तू त्यांना कोठे पाहिलेस? विद्यार्थी हसले. आम्ही कोणा पिल्चरना ओळखत नाही, म्हणाले, हा तर तुमचाच चेहरा! गुरूची विद्या शिष्यात उतरते म्हणतात, येथे भुवईसुद्धा उतरली.

दुसरी गोष्ट डॉ. मेरी व्हर्गीस यांची. १९५४ साली अपघातात या तरुण डॉक्टरीण बाईंचे कमरेखालचे अंग लुळे पडले. आता डॉक्टरकी संपली असे त्यांना वाटले. ब्रँड यांनी सुचवले की हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. बाई चाकाच्या खुर्चीवर बसून कुष्ठरोग्यांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या, पुढे वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या, १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वतः ब्रँड यांच्यावरही एक रात्र आली होती. इंग्लंडमध्ये लांबच्या प्रवासानंतर मोजा काढताना त्यांना टाचेला स्पर्श कळेना. सुई टोचली, तरी कळेना. आपल्याला कुष्ठरोग झाला असे समजून त्यांनी ती रात्र काढली. बायकामुलांपासून दूर राहण्याचे बेतही मनात झाले. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि ते ओरडले! आगगाडीत बसून नस दबली होती, एवढेच. त्या दिवसापासून वेदना ही देणगी आहे असे ते सांगू लागले, आणि १९९३ साली त्यावर पुस्तकही लिहिले. २००३ साली ते वारले.

आता आपल्या शिवारापुरते. ज्यांना मधुमेह आहे किंवा पूर्वी कुष्ठरोग होऊन गेला आहे (तो औषधाने पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर गेलेली नस बहुधा परत येत नाही), त्यांनी वेदनेचे काम डोळ्यांना द्यावे. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, दिव्याखाली तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना सांगावे, नातवंडे हे काम आवडीने करतात. हाताची पालथी बाजू दोन्ही तळव्यांवर फिरवावी. एकाच पायाची एखादी जागा गरम लागली तर ती खांदा येण्याची सुरुवात समजा आणि चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवा. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, कोपराने पाहावा. शेकोटीला तळवे धरू नयेत. कुरूप ब्लेडने तासू नये, हे आपल्याकडे सर्रास चालते व त्यातून फार नुकसान होते. आणि जखम झाली असून दुखत नसेल तर ती किरकोळ आहे असे न समजता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. न दुखणारी जखमच धोक्याची.

पायताणाविषयी स्पष्ट लिहितो, रागावू नये. कोल्हापुरी चप्पल आपल्या अभिमानाची, पण बधिर पायाला ती नको. तळ कठीण, अंगठ्यात घासते, आणि निसटली तर कळत नाही. स्लिपरचेही तेच. आतून मऊ, बाहेरून काटा न शिरेल असा तळ, मागे पट्टा, बोटांना ऐसपैस जागा, असे पायताण घ्यावे. सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला बधिर पायाच्या कुष्ठरुग्णांना सरकारी योजनेतून मिळतात, त्याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. नवीन पायताण पहिल्या दिवशी तासभरच घालून पाय पाहावा. दारे धरायला जाताना गमबूट घालावेत, पण घालण्याआधी उलटे करून झटकावेत, आत हात घालून खडा किंवा खिळा नाही ना पाहावे, आणि पाणी आत गेले तर ओल्या बुटात रात्र काढू नये. दुसरा कोरडा मोजा मोटारीच्या खोलीत ठेवलेला असावा.