रेघ कोणी ओढायची?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. तेथील राजपुरा वस्तीतील एखादा विणकर, समजा, तीन आठवडे खोकतो आहे. सुताची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली, आणि पूर्वी एकदा क्षय होऊन तो बराही झालेला. त्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र आज डॉक्टरच्या आधी संगणक वाचू शकतो. त्याच्या जागी देवगडचा खलाशी किंवा डिचोलीचा खाणकामगार कल्पिला, तरी प्रश्न तोच राहतो.

या यंत्राला आमचा विरोध नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, आणि क्ष-किरण तज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांतच एकवटलेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयाच्या चाळणी-तपासणीसाठी, पंधरा वर्षांवरील व्यक्तींपुरती, अशा संगणकीय वाचनाची शिफारस केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ढाक्यातील सुमारे चोवीस हजार व्यक्तींच्या अभ्यासात अशा पाच प्रणाली, त्यांत मुंबईत तयार झालेलीही एक, तेथील क्ष-किरण तज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मात्र वयोवृद्धांत आणि पूर्वी क्षय झालेल्यांत त्यांची अचूकता घटते, हेही त्याच अभ्यासात आढळले. आमचा विणकर नेमका या दुसऱ्या वर्गातला!

यंत्र 'क्षय आहे' असे सांगत नाही. ते संशयाचा एक आकडा देते. कोणत्या आकड्यापासून रुग्णाला बेडक्याच्या तपासणीस पाठवायचे, ती रेघ माणूसच ओढतो. रेघ खाली आणली, तर अनेक निरोगी माणसांची धावपळ आणि तपासणीचा खर्च वाढतो. वर नेली, तर काही रुग्ण 'ठीक आहे' म्हणून घरी परततात आणि घरातल्यांना रोग देत राहतात. तपासणीच्या साहित्यासाठी पैसा किती, यावर ही रेघ सरकू शकते. म्हणजे वरकरणी तांत्रिक वाटणारा हा निर्णय वस्तुतः नैतिक आहे. तो कोणत्या बैठकीत झाला, कोणी केला, हे ज्याच्या छातीचे चित्र काढले त्याला कळत नाही.

अंतिम निर्णय डॉक्टरचाच, असे आश्वासन दिले जाते. परंतु दिवसाला शेकडो चित्रे समोर असता डॉक्टर निर्णय देतो की केवळ सही करतो? पोलंडमधील चार केंद्रांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत यंत्राची सवय झाल्यानंतर, यंत्राविना काम करताना डॉक्टरांचे गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आले. मदतनिसाच्या सवयीने डोळा मंदावतो, अशी शंका त्यातून उत्पन्न होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. उत्तरदायित्व, समानता, रुग्णाची संमती, सारे त्यांत आहे. पण ती तत्त्वे आहेत, कायदा नव्हे. चुकीच्या वाचनाने उपचार लांबले, तर दाद मागायची ती कंपनीकडे, रुग्णालयाकडे की सरकारकडे?

आमची मागणी साधी आहे. विणकराच्या हाती पडणाऱ्या कागदावर यंत्राचा आकडा, त्या केंद्राने त्या दिवशी धरलेली रेघ आणि निर्णय देणाऱ्या डॉक्टरचे नाव छापलेले असावे. आणि खोकला न थांबल्यास पुन्हा केव्हा यावे, तेही त्याला वाचता येईल अशा भाषेत.