तक्त्यातली एक ओळ खोडा

रेपो दर २०२५ मध्ये चार वेळा उतरला. साडेसहावरून सव्वापाच टक्के. पाठोपाठ १ जानेवारी २०२६ पासून मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू झाले. दोन्ही बातम्यांवर भरपूर शाई सांडून झाली आहे, त्यामुळे रेपो म्हणजे काय हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. सदाशिव पेठेत बातमी वाचून झाली की प्रश्न एकच येतो: "ते ठीक आहे हो, पण आपले किती वाचणार?"

उत्तर दरापेक्षा जास्त अवलंबून आहे ते किरकोळ पैशांवर. महागाई भत्त्याचा फरक, प्राप्तिकराचा परतावा, विम्याच्या मनी बॅकचा हप्ता, पेपर तपासल्याचे मानधन, दिवाळीचा बोनस, मेव्हण्याने तीन वर्षांनी परत केलेले पाच हजार. पगार येतो तेव्हा त्याच्या वाटण्या आधीच ठरलेल्या असतात. हे पैसे मात्र येतात आणि लक्ष्मी रोडला जाऊन येतात. सोसायटीच्या जिन्यात आठव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे बेत आतापासून रंगू लागले आहेत. त्यात गृहकर्ज हा शब्द अजून तरी माझ्या कानावर आलेला नाही.

भिकारदास मारुतीच्या जवळ, वाडा पाडून झालेल्या एका इमारतीत एक निवृत्त बँक व्यवस्थापक राहतात. नोकरीची बहुतेक वर्षे कर्ज विभागात गेली. "नाव छापू नका, लोक तक्ते घेऊन दारात उभे राहतील," ही त्यांची पहिली अट. तरी लोक येतातच. पेठेतल्या निम्म्या कर्जदारांना त्यांनी एकच खेळ शिकवलेला आहे. त्यासाठी लागते एक पट्टी, एक लाल पेन्सिल आणि बँकेकडून मिळालेला परतफेडीचा तक्ता. हा तक्ता कर्ज घेताना सगळ्यांना मिळतो, आणि फाइलमध्ये घातल्यावर तो कुणी पुन्हा उघडत नाही.

त्यांच्या टेबलावरचा नमुना असा: कर्ज ३० लाख, दर ८ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता २५,०९३ रुपये. पहिली ओळ वाचा. या २५,०९३ रुपयांपैकी २०,००० व्याजात गेले, मुद्दल फिटले ५,०९३. दुसऱ्या ओळीत मुद्दल ५,१२७ आणि व्याज १९,९६६. "आता असं समजा, पहिल्या हप्त्याबरोबरच तुम्ही आणखी ५,१२७ रुपये मुद्दलात भरलेत. काय झालं?" ते पट्टी ठेवतात आणि दुसरी ओळ लाल पेन्सिलीने खोडून टाकतात. "तुम्ही थेट तिसऱ्या ओळीवर आलात. या ओळीतलं १९,९६६ रुपये व्याज जन्मालाच आलं नाही."

गणित तपासून पाहिले, चोख आहे. दर तोच राहिला तर पाच हजार एकशे सत्तावीस रुपयांत वीस वर्षांचा एक अख्खा महिना कमी होतो. मी विचारले, एवढेही नसले तर? दीडच हजार उरले तर? "मग ओळ खोडली जाणार नाही, पण शेपूट तुटेल." पहिल्या वर्षाअखेर भरलेले दीड हजार अगदी शेवटच्या हप्त्यांमधून पावणेसात हजारांच्या आसपास रक्कम कमी करतात. दरमहा नेमाने एक हजार जास्त भरले, तर २४० महिन्यांचे कर्ज २१९ महिन्यांत संपते आणि तीन लाखांवर व्याज वाचते.

हीच पट्टी ते मग खाली सरकवतात. सोळाव्या वर्षाची पहिली ओळ: मुद्दल सुमारे १६,८४०, व्याज सव्वाआठ हजार. म्हणजे इथे ओळ खोडायला तिप्पट पैसे लागतात आणि वाचते निम्म्याहून कमी. पोरे मार्गी लागली, हात सैल झाला, आता कर्ज फेडू, असे म्हणत पन्नाशीत बँकेत येणाऱ्यांवर साहेबांचा खास राग आहे. त्यांच्या मते कर्जाची पहिली पाच वर्षे हाच खरा मोसम. नेमक्या त्याच वर्षांत घराला मॉड्युलर किचन हवे असते, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली नाही.

दरकपातीकडे वळू, कारण तिच्यात किरकोळ पैशांचा मोठा साठा दडलेला आहे. समजा आज ३० लाख बाकी आहेत, वीस वर्षे उरली आहेत आणि दर साडेआठवरून सव्वासातवर आला. हप्ता २६,०३५ वरून २३,७११ होऊ शकतो. महिन्याला २,३२४ रुपये मोकळे. हे मोकळे झालेले पैसे कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. दोन वेळा बाहेरचे जेवण आणि एक ओटीटी, संपले. पण जुनाच हप्ता चालू ठेवला तर कर्ज १९८ महिन्यांत फिटते. साडेतीन वर्षे आधी. व्याजात सुमारे ५ लाख ४० हजारांचा फरक. खिशातून एक पैसाही जास्त काढावा लागत नाही, कालपर्यंत देत होतो तेच देत राहायचे. दरकपातीनंतर कोणी बँक हप्ता कमी करते, कोणी मुदत. आपल्या बाबतीत काय केले ते विवरणपत्रात बघावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार तिमाही विवरणात आजवर वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणे बँकेला बंधनकारक आहे. मुदतीत केव्हाही अंशतः किंवा पूर्ण परतफेडीची मुभाही त्याच परिपत्रकात आहे.

ऑक्टोबर २०१९ पूर्वीचे कर्ज असेल तर आणखी एक गोम. तेव्हाची बरीच कर्जे एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटला बांधलेली आहेत. रेपोची कपात तिथे रेंगाळत पोचते, कधी अर्धीच पोचते. बदलून घ्यायला थोडे शुल्क पडते. साहेबांच्या शब्दांत, "जुन्या दरावर बसून जास्तीचे पैसे भरणं म्हणजे गळक्या बादलीत तांब्याने पाणी ओतणं."

आता नव्या निर्देशांचे कौतुक किती करायचे? बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांना असे शुल्क लावायला २०१२ सालीच बंदी झाली होती, त्यामुळे पेठेतल्या बहुसंख्य हप्तेकऱ्यांच्या आयुष्यात १ जानेवारीला काही घडले नाही. फायदा आहे तो धंद्यासाठी कर्ज घेणाऱ्या व्यक्तींना आणि लघुउद्योगांना. म्हणजे छापखानेवाले, पुस्तकविक्रेते, खानावळी चालवणाऱ्या बायका. १ जानेवारीनंतर मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जाला हे लागू आहे. पैसे कुठून आणले हे विचारायचे नाही, अमुक महिने थांबा असेही म्हणायचे नाही. मात्र पुण्यात खरी मेख पुढे आहे. धंद्याच्या कर्जासाठी नागरी सहकारी बँकांची विभागणी ठेवींवरून केलेली आहे: दहा हजार कोटींवर ठेवी असणाऱ्या बँकांना शुल्काची पूर्ण बंदी, एक हजार ते दहा हजार कोटींच्या बँकांना ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर बंदी, आणि त्याखालच्या लहान बँका या सक्तीबाहेर. आपल्या गल्लीतली ओळखीची बँक बहुधा या शेवटच्या गटात बसते. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत, त्या १९६० च्या सहकार कायद्याखाली. तिथे करारपत्र वाचणे हाच उपाय. स्थिर दराच्या कर्जावरही शुल्क लागू शकते.

शुल्क गेले तरी आडकाठ्या उरल्या आहेत, आणि माझा मुख्य आक्षेप त्यांच्यावर आहे. ॲपमधून हप्ता भरायला एक बोट पुरते. मुद्दलात जास्तीचे भरायचे म्हटले की काही ठिकाणी किमान एक-दोन हप्त्यांएवढी रक्कम मागतात, काही ठिकाणी शाखेत या म्हणतात. एका वित्तसंस्थेत मी भरलेली रक्कम कित्येक महिने "जास्तीची जमा" म्हणून नुसती पडून होती. मुद्दल तेवढेच, व्याज तेवढेच. चौकशी केल्यावर कळले, ती पुढच्या हप्त्यासाठी राखून ठेवली होती. किरकोळ पैशांनी कर्ज फेडायचे तर किरकोळ पैसे घेणारी खिडकी हवी. पाचशे रुपयांची एसआयपी घ्यायला सगळे हात पसरून उभे असतात, पाचशे रुपयांची परतफेड घ्यायला मात्र कुणाचा अर्ज तयार नसतो. साहेबांचा तोडगा कागदी आहे: पैसे भरल्यावर पत्र द्या, "रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी", आणि पोच घ्या. मग पुढच्या महिन्याचे विवरण काढून बाकी खरोखर उतरली का बघा.

एसआयपीचा विषय निघालाच आहे. तरुण सल्लागारांचे म्हणणे असे की सव्वासात टक्क्यांचे कर्ज लवकर फेडणे हा वेडेपणा, तेच पैसे बाजारात बारा टक्के मिळवतील. मिळवतीलही. पण बारा टक्क्यांची हमी कोणी देत नाही, कर्जावरचे व्याज मात्र हमखास लागते. शिवाय ही तुलना कागदावर होते. प्रत्यक्षात तो दोन हजारांचा परतावा एसआयपीपर्यंत पोचतच नाही, वाटेत त्याचा हेडफोन होतो. करसवलतीचा जुना युक्तिवादही आता लंगडा झाला आहे: नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही. त्याहून गमतीचे म्हणजे आमच्या पेठेचे मुदतठेवीवरचे प्रेम. एका बँकेत सहा-साडेसहाने ठेव, तीही करपात्र, आणि दुसऱ्या बँकेत सव्वासातने कर्ज. विचारले तर उत्तर येते, "ठेव मोडायची नसते." रुपी बँकेत पैसे अडकलेले ठेवीदार २०१३ पासून २०२२ मध्ये परवाना जाईपर्यंत काय भोगत होते, हे याच पेठेने जवळून पाहिले आहे.

तरीही हात राखून. दवाखान्यापुरते आणि पाच-सहा हप्त्यांपुरते पैसे बाजूला असल्याशिवाय गृहकर्जाला जादा काही देऊ नये, कारण तिथे गेलेला पैसा मागून परत मिळत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी. आणि क्रेडिट कार्डाची बाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढत असताना गृहकर्जाची ओळ खोडत बसणाऱ्याला साहेब दारातूनच परत पाठवतात.

कर्जाचा जाच या गावाला नवा नाही. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिले होते की सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजले. उत्तरेत मुलूख जिंकणाऱ्या माणसाची ही अवस्था. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला अखेरच्या आजारात करून ठेवलेल्या यादीत राज्याचे कर्ज फेडण्याची सूचना होती. त्या काळातल्या कागदांचा अभ्यास करणारे भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत, १९१० पासून. हिंदू कायद्यात तेव्हा ऋणकोला एक आधार होता, दामदुपटीचा: एका वेळी थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नसे. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हा नियम मानला. साहेबांच्या नमुन्यातल्या तीस लाखांवर वीस वर्षांत एकूण व्याज जाते ३० लाख २२ हजार. वकील म्हणतील, नियम थकलेल्या व्याजाचा, भरलेल्या व्याजाचा नव्हे, म्हणू देत. आकडा तरी डोळ्यांसमोर असावा.

किरकोळ पैशाने कर्ज फेडण्याची रीत खरी पाळतात ती गृहकर्ज नसलेली माणसे. पेरूगेटच्या बाजूला संध्याकाळी गाडी लावणाऱ्या एका बाईंकडे पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज येतो. धंदा झाला तर दोनशे, पाऊस असला तर पन्नास. उडुपीत १९२८ साली टी. एम. ए. पै यांनी रोज थोडी बचत गोळा करणारी ही योजना सुरू केली. आपल्याकडच्या पतसंस्थांनी तीच कर्जवसुलीलाही जुंपली. बाईंच्या कर्जाचा दर गृहकर्जाच्या दुपटीच्या आसपास आहे. पिग्मीत साठलेली रक्कम कर्जखात्यात रोज वळती होते की महिनाअखेर, हे त्यांनी एजंटला विचारले होते. महिनाअखेर, असे कळल्यावर त्यांनी मधल्या दिवसांच्या व्याजाचा हिशेब मागितला. तो अजून आलेला नाही. अशा फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी कर्जाचा हप्ता वेळेवर भरला की ७ टक्के व्याज सरकार देते आणि मुदतीआधी फेडले तरी दंड नाही. या बाईंना ते कर्ज अद्याप मिळालेले नाही. अर्ज दोनदा झाला आहे.

कर्ज फिटल्यानंतरचे एक काम राहते. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. गहाणाची नोंद दुय्यम निबंधकांकडे झालेली असेल तर ती रद्द करून घ्यावी, आणि कर्ज नसल्याचे पत्र, कागदपत्रांची यादी ताडून, सही-शिक्क्यासह घ्यावे. शिक्क्यावर तारीख असल्याची खात्री करून घ्या.