विहिरीत पावडर किती घालावी?

मिरगाचा पाऊस कोसळून गेला की विहिरींचे पाणी तांबडे गढूळ होते. मग कोणीतरी पिशवी घेऊन विहिरीवर येतो आणि चार मुठी ब्लीचिंग पावडर टाकून निघून जातो. विहीर काठोकाठ भरलेली असो की तळाला गेलेली असो, मुठी मात्र चारच! कॉलरा आणि विषमज्वर पाण्यातून पसरतात हे सर्वांना ठाऊक असूनही त्यांच्यावरील औषधाचे माप आपण मुठीवर सोपवतो.

कोणाला हिणवण्यासाठी हे सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या विहिरीचा हिशेब मीच केला आणि त्रिज्येच्या जागी व्यास धरून बसलो. उत्तर चौपट आले. उग्र वासामुळे मुलांनी ते पाणी ओतून दिले आणि दिवसभर ओहोळाचे कच्चे पाणी प्यायली. ती चूक अधिक घातक होती, कारण ओहोळात औषधाचा थेंबही नव्हता.

हिशेब असा आहे. आमच्या गोल विहिरीचा व्यास 3 मीटर, म्हणजे त्रिज्या दीड मीटर. दीड गुणिले दीड गुणिले 3.14 केले की सुमारे 7 चौरस मीटर क्षेत्रफळ येते. दगड बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजावी. ती 4 मीटर भरली तर पाणी 28 घनमीटर, म्हणजे 28 हजार लिटर झाले. मे महिन्यात याच विहिरीत मीटरभर पाणी उरते, तेव्हा ते 7 हजार लिटरच असते. मुठीला हा भेद कसा कळावा?

आता पाण्याची भूक. गाळ, शेवाळ, कुजलेला पाला यांच्यावर क्लोरीन आधी खर्ची पडतो. त्यांचे भागल्यावर जो शिल्लक राहतो तोच पुढील दूषणापासून पाण्याची राखण करतो. म्हणून सारख्या आकाराच्या काही भांड्यांत विहिरीचे पाणी घेऊन प्रत्येकात पावडरीच्या द्रावणाचे चढत्या संख्येने थेंब टाकावेत आणि अर्ध्या तासाने कोणत्या भांड्यात क्लोरीन उरला ते पाहावे. हॉरॉक्स यांच्या कसोटीचे तत्त्व हेच आहे. समजा, आमच्या पाण्याला लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन लागला, तर 28 हजार लिटरला 56 ग्रॅम हवा.

पण 56 ग्रॅम क्लोरीन म्हणजे 56 ग्रॅम पावडर नव्हे, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन शंभरात तेहतीसच्या आसपास असतो; आपल्या दमट हवेत डबा उघडा राहिला की तो झपाट्याने उतरतो. शंभरात पंचवीस उरला असेल तर 56 भागिले 0.25, म्हणजे 224 ग्रॅम पावडर लागेल. साडेबाराच उरला असेल तर दुप्पट, 448 ग्रॅम. जुनी पावडर स्वस्त मिळाली म्हणून आनंदून जाऊ नये!

पावडर कोरडी टाकू नये. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा अधिक न घेता आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीच्या पाण्याखाली सोडावी व हिसके द्यावेत, म्हणजे द्रावण सर्वत्र मिसळेल. खाली राहिलेला चुना विहिरीत जाऊ देऊ नये. त्याने पाणी जड होते. हे काम रात्री केलेले बरे. निदान एक तास पाणी कोणी उपसू नये.

सकाळी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. रंगावरून तपासण्याची छोटी पेटी मिळते. काहीच उरला नसेल तर भूक मोजण्यात किंवा पावडरीच्या कसात चूक झाली असे समजून हिशेब पुन्हा मांडावा.

आमची सातवीची मुले आता दर शनिवारी दोरी सोडतात आणि पाण्याची खोली पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहितात. व्यास आणि त्रिज्या मात्र मी तेथे तेलरंगाने लिहून ठेवली आहे.