प्राग: मान वर, हात खिशावर

तासाला पाच-दहा मिनिटं उरली की प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्याखाली गर्दी दाटू लागते. सगळ्यांच्या माना वर, मोबाइलही वर. १४१० साली बसवलेलं खगोलीय घड्याळ, झेक लोकांचं ‘ओरलोय’, आता जागं होणार असतं. तबकडीच्या उजवीकडचा सांगाडा दोरी ओढतो, शेजारचा तुर्क नकाराची मान हलवतो. डावीकडे एकजण आरशात स्वतःला न्याहाळतोय, तर दुसरा कंजूष पैशांची थैली हातात घट्ट धरून उभा आहे. वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित एकेक करून डोकावतात, सोनेरी कोंबडा आरवतो आणि तासाचे टोले पडतात. खेळ एवढाच. कंजूष वर आपली थैली सांभाळत असतो, त्याच वेळी खाली दुसऱ्या कुणाच्या तरी थैलीत तिसऱ्याचा हात गेलेला असतो. बऱ्याच जणांना ते कळतं ते नंतर, आइस्क्रीमचे पैसे देताना.

‘शंभर मनोऱ्यांचं शहर’ हे प्रागचं जुनं बिरुद. व्ल्तावा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या या झेक राजधानीचा ऐतिहासिक गाभा १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आहे. आपल्याकडे २०११ च्या ‘रॉकस्टार’ चित्रपटामुळे हे शहर तरुणांच्या नजरेत भरलं आणि आता पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या पत्रकांत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही तिन्ही नावं एका दमात येतात. शहर तसं सुरक्षित. रात्री उशिरापर्यंत ट्राम चालतात, बायका एकट्यादुकट्या फिरतात, मारहाण-लुटालुटीची धास्ती फारशी नाही. इथली जोखीम वेगळ्या जातीची आहे. पाकीटमारी होते, पण पर्यटकाचा खिसा हलका होतो तो बरेचदा त्याच्याच हातानं: खिडकीत नोट सरकवून, यंत्राचं बटण दाबून, बिलावर सही करून. आणि यातले बरेच व्यवहार कायद्याच्या चौकटीत बसतात.

सुरुवात पैसे बदलण्यापासून होते. झेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, शेंगेन क्षेत्रातही आहे, पण चलन युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळायला हव्यात. जुन्या शहराच्या गल्लीबोळांत पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या पावलोपावली आहेत आणि त्यांच्या फलकावर ‘कमिशन ०%’ ठळक अक्षरांत झळकतं. ते खरंही असतं. कमाई कमिशनवर नसतेच, ती दरात असते. फलकावर दिसणारा आकर्षक आकडा अनेकदा विक्रीचा असतो, म्हणजे कोरुना देऊन युरो घेणाऱ्यासाठी. युरो घेऊन आलेल्याला लागू होणारा खरेदीचा दर बारीक अक्षरांत असतो. समजा तो १७ निघाला, तर २०० युरोंच्या बदल्यात ५,००० च्या आसपास मिळायच्या त्या जागी ३,४०० कोरुना हातात पडतात. घासाघीस करायला जावं तर खिडकीतला माणूस पावतीवरच्या छापील दराकडे बोट दाखवतो.

यावर इलाज आहे, पण तो फार थोड्या पर्यटकांना माहीत असतो. एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या कायदादुरुस्तीनुसार १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कसलंही कारण न देता रद्द करता येतो. पावती मात्र हवी. या खिडक्यांवर देखरेख ठेवण्याचं काम झेक नॅशनल बँकेकडे आहे. त्यामुळे पावती दाखवून शांतपणे ‘व्यवहार रद्द करा’ म्हटलं की पैसे परत करणं त्यांना भाग असतं. त्याहून बरं म्हणजे पैसे देण्यापूर्वीच विचारावं, ‘इतक्या युरोंचे हातात नेमके किती?’ आणि आकडा कागदावर लिहून घ्यावा.

रस्त्यात कुणी जवळ येऊन हळू आवाजात चांगला दर देऊ केला, तर पाऊल थांबवायचंसुद्धा नाही. रस्त्यावर असे पैसे बदलणं बेकायदा आहे. तिथे मिळणाऱ्या नोटा कोरुनाच असतील याची खात्री नाही. बेलारूसच्या जुन्या रूबलच्या किंवा बल्गेरियाच्या जुन्या लेवाच्या, कधीच बाद झालेल्या नोटा अशा व्यवहारांत परदेशी माणसाच्या माथी मारल्या गेल्याचे किस्से प्रागमध्ये जुने आहेत. मोठी संख्या आणि अनोळखी लिपी पाहून नवख्याला त्या खऱ्याच वाटतात.

एटीएमचंही तसंच. पर्यटकांच्या वाटेवर कुठल्याही झेक बँकेशी संबंध नसलेली स्वतंत्र यंत्रं उभी असतात. शक्यतो चेस्का स्पोर्झितेल्ना, कोमर्च्नी बँका किंवा चेएसओबे यांसारख्या स्थानिक बँकेच्या शाखेतलं यंत्र गाठावं. कार्ड घातल्यावर पडद्यावर प्रश्न येतो: रक्कम तुमच्या चलनात वळती करायची का? रुपयांचा ओळखीचा आकडा दिसला की बोट आपसूक ‘हो’कडे जातं आणि यंत्रमालकाचा महागडा दर लागू होतो. उत्तर ‘नाही’च द्यायचं, हिशेब कोरुनातच ठेवायचा. दुकानात कार्ड देतानाही हाच नियम. भारतातून निघताना आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. फॉरेक्स कार्डात युरो भरले असले तरी त्यात कोरुनाची सोय असतेच असं नाही. ती नसेल तर प्रत्येक खरेदीवर चलनबदलाचं वेगळं शुल्क कापलं जातं.

टॅक्सीच्या बाबतीत प्रागची कीर्ती इतकी वाईट होती की जानेवारी २००५ मध्ये खुद्द महापौर पावेल बेम यांनी दाढी-मिशा लावून इटालियन पर्यटकाचा वेश घेतला आणि आपल्याच शहरात टॅक्सी पकडली. चालकानं त्यांच्याकडून वाजवी भाड्याच्या पाचपटीहून जास्त पैसे घेतले. बातमी जगभर गाजली. त्यानंतर बरीच शिस्त आली. तरी चौकाच्या कडेला किंवा रेल्वे स्थानकाबाहेर उभी असलेली गाडी सरळ हात करून थांबवू नये, ॲपवरून बोलवावी, म्हणजे भाडं आधीच कळतं. वात्स्लाव हावेल विमानतळावरून तर टॅक्सीची गरजही नाही. ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन मेट्रो स्थानकापर्यंत नेते, तिथून हिरवी ‘ए’ मार्गिका थेट शहराच्या मध्यात.

मेट्रोत मात्र आपल्या माणसाची फसगत हमखास होते. मुंबई-पुण्याच्या मेट्रोसारखे आडवे दरवाजे इथे नाहीत. स्थानकात सगळं सताड उघडं. तिकीट काढलं, खिशात टाकलं, निघाले, असं चालत नाही. सरकत्या जिन्याकडे जाण्याआधी उभ्या असलेल्या पिवळ्या पेटीत कागदी तिकिटाचं टोक घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. ट्राम किंवा बसमध्ये ही पेटी दाराजवळच्या दांड्यावर असते. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, मग ते पाच मिनिटांपूर्वी विकत घेतलेलं का असेना. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. ओळखपत्र आणि धातूचा बिल्ला दाखवून ते तिकीट मागतात. त्यांच्याशी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, दंड भरावाच लागतो. ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टेकवून घेतलेल्या तिकिटावर वेळ आधीच छापलेली असते, ते पुन्हा पेटीत घालायचं नाही.

प्रागच्या किल्ल्याकडे चढणारी २२ क्रमांकाची ट्राम पर्यटकांची लाडकी आहे आणि पाकीटमारांचीही. पद्धत ठरलेली: दारात एकजण अडखळतो, मागचे दोघे घाईत असल्यासारखे रेटतात, नकाशा किंवा जॅकेट हातावर आडवं टाकलेला चौथा काम उरकून पुढच्या थांब्यावर उतरतो. पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी, पासपोर्ट आणि पाकीट एका जागी ठेवू नये, मागच्या खिशात तर काहीच नको.

खिशाहून मोलाचा जीव, आणि त्याला प्रागमध्ये खरा धोका ट्रामचाच. झेक वाहतूक नियमांनुसार मोटारीला झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्यासाठी थांबावं लागतं, ट्रामला ते बंधन नाही. पट्ट्यांवर पाऊल टाकलं म्हणजे ट्राम थांबेल हा समज जिवावर बेतू शकतो. लांबलचक ट्राम पटकन थांबत नाही, जुन्या शहरात ती वळणावर अचानक समोर येते आणि कानात इअरफोन असतील तर तिची घंटाही ऐकू येत नाही. रूळ ओलांडण्याआधी दोन्हीकडे पाहायचं, दर वेळी. पावसात किंवा हिवाळ्यात दगडी फरसबंदी चांगलीच निसरडी होते, तेव्हा गुळगुळीत तळव्यांचे बूट हॉटेलवरच राहू द्यावेत.

आता पोटाचं. चौकातल्या लाकडी टपऱ्यांवर निखाऱ्यावर फिरणारा हॅम दिसतो आणि फलकावरची किंमत परवडण्यासारखी वाटते. ती १०० ग्रॅमची असते. विक्रेता सुरी चालवून चांगला जाडजूड तुकडा तराजूवर टाकतो आणि बिल फलकाच्या तिप्पट-चौपट होतं. ‘शंभर ग्रॅमच’ असं सुरी फिरण्याआधी सांगावं. साखर-दालचिनीत घोळवलेला, नळीसारखा ‘त्रदेल्निक’ गल्लोगल्ली ‘जुना बोहेमियन’ म्हणून विकला जातो. ‘स्कालित्स्की त्रदेल्निक’ या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन २००७ साली मिळालं ते शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावामुळे, प्रागमध्ये त्याची लाट आली ती पर्यटकांबरोबर. खावा खुशाल, गरम असताना चांगला लागतो, फक्त प्राचीन झेक परंपरेचे पैसे मोजू नयेत. शाकाहारी मंडळींना ‘स्माझेनी सीर’, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज, बहुतेक ठिकाणी मिळतं. बटाट्याचा ‘ब्राम्बोराक’ मागवताना तो कशात तळलाय ते विचारलेलं बरं. तो डुकराच्या चरबीतही तळतात.

उपाहारगृहात टेबलावर न मागता आलेली पावाची टोपली फुकट असेल असं गृहीत धरू नये. पाण्याचेही पैसे पडतात, आणि ते बिअरहून महाग निघालं तरी चकित होऊ नये. झेक बिअरखान्याची रीत आणखी निराळी. वेटर टेबलावर कागदाची एक चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासागणिक तिच्यावर एक रेघ ओढतो. ग्लास रिकामा होत आला की न विचारता पुढचा येतो. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची, इशारा पुरतो. चिठ्ठी हरवू द्यायची नाही आणि उठताना रेघा स्वतः मोजायच्या. बिल देताना साधारण दहा टक्के टिप पुरे, पण ती बिलात आधीच धरली आहे का ते पाहावं.

१३५७ साली पायाभरणी झालेला चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब आहे आणि त्याच्या कठड्यांवर ३० शिल्पं आहेत. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. संत यान नेपोमुकच्या पुतळ्याखालचं ब्राँझचं शिल्प हात लावून लावून चकचकीत झालंय. एक हात त्यावर आणि डोळे फोटोवाल्याकडे, अशा अवस्थेत खांद्यावरची पिशवी बेवारस असते. पुलाच्या टोकांशी पांढऱ्या खलाशी वेशातले विक्रेते नौकाविहाराची तिकिटं पुढे करतात. बोट कोणती, फेरी किती वेळाची, सुटते कुठून, हे तिकिटावर वाचूनच पैसे द्यावेत. जरीचे कोट आणि केसांचे टोप घालून संगीत मैफलींची पत्रकं वाटणाऱ्यांबाबतही तेच. मोझार्टच्या ‘दोन जोवान्नी’चा पहिला प्रयोग १७८७ साली याच शहरातल्या एस्टेट्स थिएटरमध्ये झाला हे खरं, पण हातातल्या पत्रकातली मैफल त्या थिएटरात असेलच असं नाही. पुलाचं खरं देखणेपण पाहायचं तर सूर्योदयाला जावं. किल्ल्याच्या अंगणांत फिरायला तिकीट लागत नाही. सेंट व्हायटस कॅथीड्रल आतून पाहायचं तर ते लागतं.

अंधार पडल्यावर वेन्सेस्लास चौकात नाइट क्लबांचे दलाल वाट अडवतात. आत गेल्यावर पेयांच्या किमती काय लागतील याचा नेम नसतो, मान हलवून पुढे जाणं उत्तम. मुख्य रेल्वे स्थानकासमोरच्या बागेला स्थानिक लोक ‘शेरवूड’ म्हणतात, रात्री तिथून जवळचा रस्ता शोधू नये. दारुड्या टोळक्यांना शहरही कंटाळलं होतं. २०२४ च्या शरदात प्रागनं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बारमागून बार हिंडवणाऱ्या आयोजित सहलींवर बंदी घातली.

एक जुनी युक्ती अजून चालते. कुणीतरी रस्ता विचारतो, तेवढ्यात दोघे येऊन ‘पोलिस’ म्हणत बिल्ला चमकवतात आणि खोट्या नोटा तपासायच्यात म्हणून पाकीट मागतात. खरा पोलिस ओळखपत्र पाहू शकतो, रस्त्यात पाकिटातल्या नोटा मोजत बसत नाही. पाकीट हातात द्यायचं नाही, ‘चौकीवर चला’ म्हणायचं किंवा सरळ १५८ वर फोन लावायचा. ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपात चालतो, रुग्णवाहिकेसाठी इथे १५५ आहे.

इतकं करूनही काही गेलंच, तर मूस्तेक मेट्रो स्थानकाजवळ युंगमान चौकातली पोलिस चौकी चोवीस तास उघडी असते आणि परदेशी माणसाची तक्रार तिथे दुभाष्याच्या मदतीनं घेतली जाते. तक्रारीची प्रत नसेल तर विमा कंपनी दारातही उभं करत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असला, तरी सामानाची चोरी त्यात धरलेली असतेच असं नाही, ते निघण्यापूर्वी तपासावं. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावास प्राग ७ मध्ये, मिलादी होराकोवे रस्त्यावर आहे. पासपोर्टच्या व व्हिसाच्या पानांचे फोटो फोनमध्ये आणि ईमेलमध्येही असले तर काम लवकर होतं. दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो ते भारतात परतण्यापुरतं. व्हिसा पासपोर्टबरोबर गेलेला असतो, म्हणून गटातली बाकी मंडळी व्हिएन्नाच्या बसमध्ये चढतात तेव्हा पासपोर्ट हरवलेल्याला घरचं विमान शोधावं लागतं.