‘अजून एकच मजला’

‘डायब्लो’ हा संगणकावरचा खेळ (ब्लिझार्ड कंपनी, 1996 अखेर). नाव आलं कॅलिफोर्नियातल्या माउंट डायब्लो डोंगरावरून. निर्माता डेव्हिड ब्रेव्हिक लहानपणी त्याच्याच परिसरात राहायचा. ट्रिस्ट्रम गावातल्या चर्चखाली 16 मजले, खेळाडूसाठी तीन पात्रं : योद्धा, तिरंदाज, जादूगार. मूळ आराखड्यात बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल होती. ब्लिझार्डच्या आग्रहावरून ती गेली आणि माउसचा खडखडाट सुरू झाला.

या खेळावरून जुने खेळाडू आजही भांडतात. चाहत्यांच्या मते खरी नशा राक्षस मारण्यात नाही, तो मेल्यावर काय पडतं त्यात आहे. अंगठी पडल्याचा तो नाजूक किणकिणाट ऐकला की झोप उडालीच! शिवाय दर नव्या डावात तळघराची रचना बदलते, त्यामुळे वाटा पाठ करून भागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ‘बुचर’ राक्षसाची धास्ती मात्र सगळ्यांना सारखीच.

तक्रारीही रास्त आहेत. टिचक्या मारून बोटं दुखतात, पात्राला धावता येत नाही (गावात तर ते फारच जाचतं), आणि बॅटलनेटवर (ब्लिझार्डच्या ऑनलाइन सेवेवर) लबाडांनी उच्छाद मांडला होता. धावण्याची सोय 2000 साली ‘डायब्लो 2’मध्ये आली.