बाविसाव्या बारवर थांबा

पन्नाशीच्या आसपास पियानो शिकायला घेतला की पैशाची, वेळेची आणि ताठर करंगळीची तयारी माणसानं ठेवलेली असते. ऐकायला कुणी मिळणार नाही, हे मात्र ध्यानात आलेलं नसतं. घरची मंडळी सुरुवातीला कौतुकानं ऐकतात, मग दार लोटून घेतात. शिक्षिका आठवड्यातून एकदा भेटतात आणि तो तास नवं पान बसवण्यातच संपतो. गाणं शिकणाऱ्याला कुठल्या तरी मंडळाची मासिक बैठक सापडते, पेटीवाल्याला भजनी मंडळ बोलावून नेतं. बाख आणि शोपँ वाजवणाऱ्या हौशी बाईला ठाण्यात कोण बोलावणार?

म्हणून आम्ही काही जण फोनवर रेकॉर्डिंग करून एकमेकांना पाठवतो. आमच्यात नाशिकचे एक बालरोगतज्ज्ञ आहेत, मडगावच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वसईच्या चर्चमध्ये दर रविवारी कीबोर्ड वाजवणारा एक तरुण आहे आणि लहानपणी तबला शिकलेला कोथरूडचा एक इंजिनीअर आहे. मी हिशेबतपासनीस. दिवसभर लोकांच्या ताळेबंदातल्या गफलती शोधते, त्यामुळे अभिप्राय लिहायचा सराव मला आधीपासूनच आहे, असं डॉक्टर म्हणतात.

वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येत नाही, यात नवल नाही. डोळे पुढच्या बारवर असतात (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला कप्पा म्हणजे बार), डावा हात पुढची उडी शोधत असतो, पाय पेडलवर असतो. कानात घुमतो तो मनातला सूर. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं की हात रिकामे असतात आणि मग कान कामाला लागतात. सोप्या जागी लय पळते आणि अवघड जागी अडखळते, साथ करणारा डावा हात उजव्या हातातल्या सुरावटीवर कुरघोडी करतो, हे सगळं उघडं पडतं. सगळ्यात जास्त उघडं पडतं पेडल. उजवं पेडल दाबलं की तारांवरचे सगळे डॅम्पर एकदम उचलले जातात आणि पाय काढेपर्यंत प्रत्येक सूर घुमत राहतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलली आणि पाय जागच्या जागी राहिला, तर मागचे सूर पुढच्यांत मिसळून सगळं गढूळ होतं. वाजवताना हेच भरदार वाटत असतं.

यात फोनची लबाडीही असते. फोन बनलाय बोलण्यासाठी. आवाज चढला की तो आपोआप उतरवतो, बारीक झाला की वर ओढतो. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं 1700च्या सुमाराला फ्लोरेन्समध्ये पहिला पियानो घडवताना हातोड्यांची यंत्रणा बसवली, ती बोटाच्या जोरानुसार आवाज लहानमोठा व्हावा म्हणून. फोन त्याची सगळी मेहनत एका पातळीला आणून ठेवतो. म्हणून ‘वाजवण्यात चढउतार नाहीत’ असं कुणाला लिहिण्याआधी आम्ही विचारतो, फोन कुठे ठेवला होता? तो पियानोवर ठेवायचा नाही, लाकडाची थरथर त्यात शिरते. पाचसहा फुटांवर वेगळ्या स्टुलावर ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि आवाजाची आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद होत असेल तर तीही करायची. माझा पियानो डिजिटल आहे, त्यातून वायरनं थेट रेकॉर्डिंग घेता येतं. मडगावच्या बाईंकडे लाकडी उभा पियानो आहे. पावसाळ्यात त्याचा साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) ओल धरून फुगतो, तारांवरचा ताण बदलतो आणि सूर हलतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाईंच्या पियानोच्या सुराबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आता एक नमुना. डॉक्टरांनी शुमानची ‘ट्रॉयमेराय’ पाठवली होती. रॉबर्ट शुमाननं 1838 साली ‘किंडरझेनेन’ हा तेरा छोट्या रचनांचा संच लिहिला, त्यातली ही सातवी. मोठ्या माणसानं आपलं बालपण आठवावं असा त्या संचाचा बाज आहे. बालरोगतज्ज्ञाला तो भावला, यात आश्चर्य कसलं? रचना अवघी 24 बारची. सुरावट खालून चढत जाऊन एका उंच सुरावर टेकते आणि हळूहळू उतरते. पुन्हा चढते, या खेपेला आणखी वर जाते. असे चढ पुढेही येत राहतात. डॉक्टरांचा स्पर्श मऊ, सूर स्वच्छ. फक्त प्रत्येक चढाच्या टोकाला ते रेंगाळत.

आमच्यापैकी काहींनी ‘सुंदर’, ‘मन शांत झालं’ असं लिहिलं. मडगावहून आलं ते असं: “डॉक्टर, तुम्ही दुसऱ्या बारमध्ये थांबता, सहाव्यात थांबता, अठराव्यातही थांबता. शुमाननं फर्माटा ठेवलाय बाविसाव्या बारवर. तिथं पोचेपर्यंत तुमच्याकडे थांबायला काही उरतच नाही. आधीचे चढ न रेंगाळता चढा आणि बाविसाव्या बारवर थांबा. वरचा सूर सहाव्या बारमधलाच आहे, पण खालची कॉर्ड बदललीय, ती ऐकू द्या.”

फर्माटा म्हणजे वर कमान आणि खाली ठिपका अशी खूण, सूर नेहमीपेक्षा लांबवा असं सांगणारी. मी पान उघडून दोन्ही जागा वाजवून पाहिल्या. सहाव्या आणि बाविसाव्या बारमध्ये उजव्या हातातल्या सुरावटीचं टोक खरंच एकाच सुरावर जातं, आणि तरी दुसऱ्या वेळी तो सूर निराळाच लागतो, कारण त्याच्या खालची जमीन बदललेली असते. ही रचना मी कितीतरी मोठमोठ्या कलाकारांची ऐकली होती. हे कधी कानावर आलं नव्हतं. अभिप्राय डॉक्टरांना होता, उपयोग आम्हा सगळ्यांना झाला.

त्या चार ओळींत जागा आहे, कारण आहे आणि उद्या सकाळी करून बघण्याजोगं काम आहे. ‘सुंदर’ या शब्दात यातलं काही नसतं. ‘भाव कमी वाटला’ हा शेराही तसाच. ऐकणाऱ्यानं तो लिहून सुटका करून घ्यावी आणि वाजवणाऱ्यानं रात्रभर कूस बदलावी.

शुमानला हे बघून बरं वाटलं असतं, कारण तो स्वतः याच वाटेनं गेला. उजव्या हाताच्या बोटाला इजा झाल्यावर मैफलींचा वादक व्हायचा नाद त्यानं सोडला आणि 1834 साली लाइपझिगमध्ये संगीतावरचं नियतकालिक सुरू केलं. समीक्षेसाठी त्यानं दोन पात्रं उभी केली, उसळत्या स्वभावाचा फ्लोरेस्टान आणि हळव्या मनाचा यूझेबियस. 1831 साली त्यानं शोपँच्या एका रचनेचं भरभरून स्वागत केलं, त्या लेखातही हे दोघे आहेत. शुमान आणि शोपँ दोघंही 1810चे, म्हणजे तेव्हा जेमतेम एकविशीतले. एका पियानोवाल्यानं आपल्याच वयाच्या दुसऱ्याचं काम ऐकून, वाचून, नेमकं काय आवडलं ते लिहिलं, असाच तो प्रकार.

आमच्या रीती साध्या आहेत. पाठवणाऱ्यानं एक प्रश्न सोबत जोडायचा: ‘डावा हात जड होतोय का?’ किंवा ‘वेग झेपतोय का?’ ऐकणाऱ्यानं एकदा नुसतं ऐकायचं आणि एकदा नोटेशन समोर ठेवून. जमलेली जागाही बार क्रमांकासकट सांगायची, नाहीतर वाजवणारा पुढच्या खेपेला तीच बिघडवतो. कोथरूडचे इंजिनीअर ऐकताना हातानं ताल धरतात आणि टाळी कुठे हुकली तेवढंच कळवतात. शोपँचा वॉल्ट्झ पाठवला की त्यांचा निरोप ठरलेला: उजवा हात कितीही रेंगाळू दे, डावा सोडू नका. खुद्द शोपँ आपल्या शिष्यांना हेच सांगायचा, डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा लय सांभाळून असला पाहिजे.

मतं जुळत नाहीत तेव्हा खरी गंमत येते. बाखच्या 1723च्या हस्तलिखितात दोन सुरावटींच्या पंधरा ‘इन्व्हेन्शन्स’ आहेत. कळफलकाच्या चाहत्यांना आणि शिकणाऱ्यांना दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत म्हणून लिहिल्याचं मुखपृष्ठावरच नमूद आहे. त्यातली ‘ए मायनर’मधली मी पाठवली. वसईचा मुलगा म्हणाला, “ताई, शेवटाला थोडं पेडल द्या, फार कोरडं वाटतं.” डॉक्टर म्हणाले, बाखला पेडल म्हणजे खिरीत मीठ. बाखच्या काळच्या क्लॅव्हिकॉर्ड-हार्प्सिकॉर्डला आजच्यासारखं पेडल नव्हतं, हे डॉक्टरांचं खरं. आजच्या पियानोवर वाजवायचं तर त्याच्या सोयी का नाकारायच्या, हे वसईचंही खरं. चुकीचा सूर ही चूक, पेडल ही आवड. आम्ही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहितो.

आणखी एक वाद जोडकामाचा. ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकानं 1964 साली जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओला वाहून घेतलं. वेगवेगळ्या खेपांतले उत्तम तुकडे जोडून एक रचना घडवणं ही त्याच्या मते कलाच होती. आम्हाला ती मुभा नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवलेलंच पाठवायचं. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या 2020पासूनच्या ‘परफॉर्मन्स ग्रेड’ परीक्षांनाही व्हिडिओ सलगच द्यावा लागतो. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला की सवयीची बोटंही बावरतात, ते बावरणं कमी होण्यासाठीच तर हा खटाटोप. ज्यांना याहून पुढे जायचंय त्यांच्यासाठी हौशींच्या मोठ्या स्पर्धाही आहेत. पॅरिसची 1989 साली सुरू झाली. अमेरिकेत फोर्ट वर्थला पियानोवादक व्हॅन क्लायबर्नच्या नावाची 1999 साली सुरू झाली, तिथे पस्तिशीच्या आत प्रवेशच नाही. पस्तिशी ओलांडल्याचा फायदा मला दुसरीकडे कुठे झालेला आठवत नाही.

आभाराचे निरोप आम्ही एकमेकांना पाठवत नाही. अभिप्राय पोचला, हे सांगायची एकच रीत आहे: दुसरं रेकॉर्डिंग. डॉक्टरांनी ‘ट्रॉयमेराय’ पुन्हा पाठवली. पहिले चढ ते सरळ चढून गेले, बाविसाव्या बारवर थांबले आणि खालची कॉर्ड लख्ख ऐकू आली. मडगावच्या बाईंनी त्याच संध्याकाळी ऐकून कळवलं, “आता जमलं. उद्यापासून डावा हात बघू.”