रोग्याच्या तक्रारीला दाद कोठें?

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडच्या पुढें आंबिवली लागते. एन. आर. सी. चा कारखाना २००९ सालीं बंद पडल्यापासून येथील पुष्कळ घरांची मिळकत आटली. आजार मात्र मिळकत पाहून येत नाहीं. अशा घरांतील माणसाच्या उपचारांत हयगय झाली, अशी घरच्यांची खात्री पटली म्हणजे पुढें काय होतें? एक तर ‘नशिबांत होतें तें झालें’ म्हणून सारे गप्प बसतात, नाहीं तर चार तरुण जमून दवाखान्याच्या कांचा फोडतात. पहिल्या प्रकारांत न्याय बुडतो. दुसऱ्यांत फिर्यादीच आरोपी होतो. २०१० च्या कायद्यानें अशा दांडगाईस तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, व ती आम्हांस योग्यच वाटते.

तिसरा मार्ग लेखी तक्रारीचा. पण त्याच्या तोंडाशींच चकवा आहे. अ‍ॅलोपाथीच्या डॉक्टराविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जावें; आयुर्वेद वा युनानी वैद्यासाठीं परिषद निराळी, होमिओपाथसाठीं निराळी, दंतवैद्य आणि परिचारिका यांच्याही निरनिराळ्या. ज्याची नोंद कोठेंच नाहीं त्या भोंदूवर एकाही परिषदेची सत्ता चालत नाहीं. त्याची वर्दी पोलिसांत व महानगरपालिकेच्या आरोग्यखात्यांतच दिली पाहिजे. म्हणून पाटीवरील पदवी आणि नोंदणीक्रमांक आधीं टिपून घ्यावा. मग कागद मागावे. मागितल्यापासून ७२ तासांच्या आंत उपचारांचे कागद रोग्यास द्यावे, असा २००२ च्या आचारनियमांचा दंडक आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानेंही १९९६ सालीं रहेजा यांच्या प्रकरणांत रोग्याचा हा हक्क मान्य केला आहे. कागद मागणें म्हणजे भांडण उकरणें नव्हे, हें आमच्या लोकांस कळेल तो सुदिन!

परिषद वैद्यास ताकीद देऊं शकते, त्याचें नांव नोंदवहींतून कांहीं काळ किंवा कायमचें काढूं शकते. भरपाई देववणें तिच्या हातीं नाहीं. त्यासाठीं ग्राहक आयोग वा दिवाणी न्यायालय. न्यायालयाची वाट किती लांब असते, याचा एक दाखला देतों. १९५३ च्या मे महिन्यांत गुहागरजवळ पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद गोडबोले या वीस वर्षांच्या तरुणाचें मांडीचें हाड मोडलें. त्यास पुण्यास नेलें; तेथें पुरती भूल न देतां, अवाजवी जोर लावून हाड बसविण्यांत आलें, आणि त्याच दिवशीं मुलगा गेला. डॉ. जोशी यांच्यावरील हयगयीचा ठपका सर्वोच्च न्यायालयानें कायम केला तो १९६८ सालीं. भरपाई ३,००० रुपये. मुलाचे वडील त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः डॉक्टर होते! शास्त्र जाणणाऱ्या बापालाही शेवटच्या निकालापर्यंत पंधरा वर्षें कंठावीं लागलीं. मग बंद कारखान्याच्या मजुरानें कोणत्या बळावर उभें राहावें?

म्हणूनच परिषदेचा मार्ग गरिबास जवळचा असावयास हवा. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असा नियमही आहे. पण निकाल रोग्याच्या विरुद्ध गेला तर? २०१९ सालच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याचें ३० वें कलम वाचकांनीं अवश्य वाचावें. परिषदेच्या कारवाईनें दुखावलेल्या वैद्यास वरच्या मंडळाकडे, व तेथून आयोगाकडे, अपील करण्याचा हक्क त्यांत स्पष्ट शब्दांत दिला आहे. रोग्याचें नांवही त्यांत नाहीं! पूर्वीच्या नियमांत तो हक्क निर्णयानें दुखावलेल्या कोणाही माणसास होता. चौकशी करणारे वैद्य, जिची चौकशी तो वैद्य, आणि अपीलही त्याचेंच. हा तराजू एकाच पारड्याचा झाला. प्रामाणिक वैद्यांनींच याविरुद्ध प्रथम बोलावें, कारण बंद दाराआड मिळालेली निर्दोषता लोक खरी मानीत नाहींत. त्या कलमांत ‘तक्रारदार’ हा एक शब्द घालण्यास संसदेस फार श्रम पडूं नयेत.

तोंवर एक लहान काम कल्याण-डोंबिवलीच्या पालिकेस आजच करतां येईल. २०२१ च्या नियमांनीं रुग्णालयांत रोग्यांच्या हक्कांची सनद दर्शनी जागीं लावणें बंधनकारक केलें आहे. आंबिवली-मोहने भागांत ती मराठींत व वाचतां येईल अशा अक्षरांत लागली आहे कीं नाहीं, हें आरोग्याधिकाऱ्यांनीं एकदां स्वतः पायीं फिरून पाहावें.